कोरे ग्लास

"ठिपका मार की एखादा. नाव कशाला?"

हौसाकाकींनी सहा ग्लास माझ्यापुढच्या टेबलावर ओळीत मांडले होते. मी मान वर केली नाही. नाव घालायच्या मशीनची सुई एका पुसट झालेल्या अक्षरावरून पुन्हा फिरवत होते, आणि मध्येच थांबलं की अक्षर फाटायचं. ते पूर्ण करून मी बटण बंद केलं. समाजमंदिरात एकदम शांत झालं.

"नियम आहे, काकी. गावजेवणाला प्रत्येक घराचे सहा ग्लास आणि प्रत्येकावर नाव. नाहीतर अकराशे चाळीस ग्लासांतून कुणाचा कुठला हे कसं ओळखायचं?"

"न्हाय मिळालं माघारी तरी चालतंय."

"असं कसं चालेल? नवे कोरे आहेत. अजून चिकटवलेला कागदसुद्धा निघालेला नाही."

त्या पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत उभ्या राहिल्या. हौसाकाकी आमच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. मी चार वर्षांची असताना त्यांच्या हातची खिचडी खाल्ली होती, आणि त्यांची मीना दहावीपर्यंत माझ्या बाकावर बसायची. बुद्धविहारामागच्या त्यांच्या घरी मी किती वेळा चहा प्यायले असेन, त्याला गणती नाही.

"मग सावळा बापू रणपिसे आसं घाल," अखेर त्या म्हणाल्या. "माझं नगं, मालकांचं. आन काना-मात्रा नीट दे. रेशनकार्डावर त्यांचं नाव चुकलं, मतदारयादीत चुकलं, दवाखान्याच्या कागदावर तर पाक वाट लावली. एका जागी तरी बरूबर येऊ दे."

मी सहाही ग्लासांवर नाव घातलं. तेव्हा माझं अक्षर फार चांगलं होतं. प्रयोगवहीला त्याबद्दल वेगळे गुण मिळायचे. काकींनी एक ग्लास उजेडात धरून अक्षर अन् अक्षर वाचलं, मान हलवली, आणि गेल्या.

पुढच्या तीन दिवसांत खालच्या वस्तीतली उरलेली सोळा घरंही आली. सगळ्यांचे ग्लास नवे, बाजारातून आणलेले, कोरे. वरच्या गावातून येणारे मात्र जुनेच होते: लग्नात आलेले, बारशात आलेले, पोचे पडलेले, आणि नाव आधीपासूनच घातलेले. माझ्या वहीत शेवटचा रकाना 'शेरा' असा होता. त्यात मी लिहिलं, 'खालची वस्ती: १७ पैकी १७ घरांकडून नवे ग्लास. उत्साह उत्तम.' एकशे दोन ग्लासांवर मी स्वतः नावं घातली. बोटांना मुंग्या आल्या होत्या.

ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या शेऱ्यावर मी नंतर काहीही लिहिलेलं नाही.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा एकवीसची होते. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले होते, एम.एस्सी.च्या प्रवेशाची वाट बघत वांगदऱ्याला घरी बसले होते, आणि दिसेल ते मोजत सुटले होते. आदल्या वर्षी भैरोबाच्या यात्रेच्या गावजेवणानंतर मी ओढ्याच्या काठाने पोतं आणि काठी घेऊन फिरले होते. दर दोन मीटरला किती प्लास्टिकचे ग्लास ते मोजायचं आणि एकूण लांबीने गुणायचं. उत्तर आलं तीन हजार चारशे. एका दिवसाचं. ओढ्याच्या कडेला गावाची पाण्याची विहीर होती. तिच्या पंपाच्या नळीच्या तोंडाशी दर पावसाळ्यात ग्लासांचा लगदा अडकायचा आणि चार दिवस गावाला पाणी नसायचं. पाण्याचा एक टपोरा थेंब पडला तर फाटेल इतके पातळ ते ग्लास, पण विहिरीच्या तळाशी मात्र वर्षानुवर्षं तसेच.

पत्रावळ्यांचा प्रश्न नव्हता. आमच्याकडे गावजेवणाला अजून पळसाच्याच पत्रावळ्या असत. प्रश्न फक्त ग्लासांचा होता, आणि मला वाटलं होतं की तो सोपा आहे.

यात्रा कमिटीचे अध्यक्ष माझे चुलते होते. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं, मीही. त्यांनी माझी वही चष्मा लावून पानापानाने पाहिली, आणि कमिटीच्या बैठकीत माझ्यासाठी शब्द टाकला.

"पोरगी म्हणती ते बरूबर हाय. पण एक अट. पैली पंगत सुखानं उठली तर फुडं चालू. न्हाय तर सोपानचे बॉक्स फोडायचे, आन परत ह्यो विषय काढायचा न्हाय. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

सोपान म्हणजे गावातला दुकानदार. चौदा वर्षं यात्रेला ग्लास तोच पुरवायचा.

गावजेवणाच्या दिवशी सकाळी दहालाच ऊन चटके देत होतं. शाळेच्या पटांगणावर मांडव घातला होता. एका बाजूला आचाऱ्यांची चुलाणं, दुसऱ्या बाजूला माझे चार टब. त्यांच्यापलीकडे सावलीत सोपानचा टेम्पो उभा, आणि टेम्पोत बॉक्सवर सोपान पाय हलवत बसलेला.

"मॅडम, चार टब कशाला?"

"पहिल्यात राख, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात साधं पाणी, चौथ्यात उकळतं."

"आन ग्लास एवढं चार अंघोळी करून येणार? आमच्या घरात मी एक करतोय ती बी बायको वरडली की."

धुवायला आलेल्या बायका हसल्या. मीही हसले. मला काळजी होती ती वेगळीच. पंगत दोनशे चाळीस माणसांची. एक पंगत उठून दुसरी बसेपर्यंत पंधरा मिनिटं. एकूण ग्लास अकराशे चाळीस, म्हणजे पहिल्या चार पंगतींना पुन्हा धुण्याचा प्रश्नच नव्हता, खरी परीक्षा पाचव्या पंगतीला. उकळत्या पाण्याचं तापमान टिकतं का हे बघायला मी कॉलेजातून मागून आणलेला थर्मामीटर घेऊन उभी होते. सगळ्या शक्यता मी वहीत मांडल्या होत्या. ग्लास कमी पडणं, पाणी गार होणं, चोरी, घाईत न धुता वाढणं. नऊ शक्यता होत्या आणि नवांवर उपाय.

पहिली पंगत बसली. पुरुषांच्या चार ओळी, बायकांच्या दोन. पहिल्या ओळीच्या टोकाला अण्णा, आणि त्यांच्या शेजारी कराडकडचे तीन पाहुणे. त्यांची मुलगी अण्णांच्या धाकट्या मुलासाठी बघितली होती आणि बोलणी जवळजवळ पक्की होती. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर खालच्या वस्तीतली नऊ-दहा माणसं बसली होती, दरवर्षीसारखी. हौसाकाकी बायकांच्या ओळीत होत्या. मला बघून त्यांनी हात केला नाही. त्या समोरच्या ग्लासाकडे बघत होत्या.

क्रेट उघडून पोरांनी ग्लास वाढले, मागून स्टीलच्या जगने पाणी ओतलं गेलं. पत्रावळीवर लापशी, भात, आमटी. ऊन मांडवातून झिरपत होतं आणि ओळीच्या ओळी स्टील चमकत होतं. मला ते इतकं सुंदर दिसलं की मी वेळ लिहून ठेवली. अकरा वाजून वीस मिनिटं.

आमच्याकडे कुणीही भांडं हातात घेतलं की आधी नाव वाचतं. त्यात मुद्दाम असं काही नसतं. कुणाच्या लग्नातलं, कोणत्या सालातलं, मामाने दिलं की आत्याने, हे बघून मग माणूस पाणी पितो. अण्णांनीही ग्लास उचलला, डोळ्यांपुढे थोडा तिरका केला, आणि वाचलं.

मग त्यांनी तो खाली ठेवला. आपटला नाही, अगदी हळू ठेवला. गरम भांडं सांभाळून ठेवतो तसा.

मी धावत गेले. "अण्णा, गरम राहिला का? उकळत्या पाण्यातून काढलाय, थोडा—"

"न्हाय. दुसरा आण."

मी दुसरा आणला. त्यांनी तोही वाचला. पाटलांच्या घरातला होता, पोचा पडलेला. अण्णा एका दमात अर्धा ग्लास पाणी प्यायले.

शेजारच्या पाहुण्यांनी ते पाहिलं होतं. त्यांनी आपला ग्लास उचलून वाचला, आणि खालच्या आवाजात विचारलं, "हे खरात म्हंजी कोन हो?"

अण्णांनी पत्रावळीत बघत भाताला आळं केलं.

पाहुण्यांनी ग्लास पत्रावळीपासून वीतभर लांब सरकवला.

त्यानंतर जे झालं त्याला दोन मिनिटंही लागली नसतील. त्यांच्या पुढच्याने वाचलं, मग त्याच्या पुढच्याने. ओळीतली बोलणी एकेक करून बंद पडत गेली आणि सगळी माणसं ग्लास डोळ्यांपुढे धरून वाचू लागली. दुसऱ्या ओळीतल्यांना काय चाललंय ते कळायच्या आत त्यांचेही हात ग्लासाकडे गेले. कुणी वाचून पीत होतं, कुणी वाचून लांब ठेवत होतं. स्टील जमिनीवर टेकल्याचा आवाज थोड्या थोड्या अंतराने येत होता.

मला काय होतंय ते कळायच्या आधी माझ्या डोक्याने हिशेब केला. अकराशे चाळीसात एकशे दोन. साधारण अकरा ग्लासांमागे एक. आवाज तितक्याच अंतराने येत होता.

आणि ते ओळखायला नाव वाचायचीही गरज नव्हती. नवे कोरे होते ते. सगळ्यांत जास्त तेच चमकत होते. त्यांच्यावरचं अक्षरही एकाच हाताचं होतं, ठसठशीत, काना-मात्रा नीट दिलेलं.

तिसऱ्या ओळीच्या मध्यावरची माणसं थांबली होती. कुणी उठलं नाही. हातातले घास हातातच होते. त्यांतले एक म्हातारे, भिवा खरात, आमटीच्या वाटीत बघत बसले होते, जणू तिच्यात काहीतरी पडलंय.

"प्रणिता." अण्णांनी मला खुणेने वाकायला सांगितलं. "बॉक्स फोड."

"अण्णा, सगळे धुतलेत. मी स्वतः चार पाण्यांतून काढलेत. तापमान बघितलंय."

"धुन्याचा प्रश्न न्हाय, बाळ."

"मग कसला?"

ते माझ्याकडे बघेनात. त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "माझं काय न्हाय गं. मी काय पाळत न्हाय. पण पाव्हनं हायत, त्यांच्या म्होरं नगं. आजच्यापुरतं फोड."

"तुम्ही प्यायला असतात तर ते पण प्यायले असते."

अण्णांच्या कपाळावरची शीर हलली. मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. "तू बॉक्स फोडतीस, का मी सोपानला हाक मारू?"

मी टेम्पोकडे गेले. पटांगण तेवढंच होतं, तीस-पस्तीस पावलांचं. चुलाणावरची आमटी तेवढी उकळताना ऐकू येत होती.

सोपानने माझी चेष्टा केली नाही. तो खाली उतरला, एक बॉक्स ओढून टेम्पोच्या फळीवर ठेवला आणि खिशातून ब्लेड काढून माझ्या हातात दिलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मॅडम, सगळ्यास्नी म्हाईत होतं."

"मग मला कुणी बोललं का नाही?"

"मी बोललो आसतो तर तुम्हांस्नी वाटलं आसतं, ह्यो आपल्या धंद्यापायी बोलतोय." त्याने मान खाली घातली. "आन खरं सांगू, धंद्यापायी बी गप्प बसलो."

मी ब्लेड बॉक्सच्या पट्टीवर टेकवलं. तेवढ्यात माझ्या बाजूला सावली पडली. हौसाकाकी बायकांच्या ओळीतून उठून आल्या होत्या. उष्टा हात तसाच होता, बोटांना लापशी लागलेली.

"मी म्हणलं हुतं, ठिपका मार."

"काकी, मला कळलं नाही. मला वाटलं तुम्ही..."

"ह्या पलास्टिकाच्या आधी कसं हुतं ठावं हाय तुला?"

मी नकारार्थी मान हलवली. मला प्लास्टिकचेच ग्लास आठवत होते. ते आले तेव्हा मी सात वर्षांची होते.

"आमी घरनं तांब्या घिऊन यायचो. पानी पिया आपापला तांब्या, आन पंगत शेवटची. तुझं अण्णा सोता वाढायचं, लई मायेनं वाढायचं, पर वरनं. मग एका साली हे गिलास आलं. कुनाचं नाव न्हाय, गाव न्हाय. प्यायचं आन फेकायचं. त्या साली कुनी ठराव केला न्हाय, का कुनी हाक मारली न्हाय. आमचं मालक म्हनलं, चल, मदी जाऊन बसू. बसलो. कुनी उठीवलं न्हाय." त्यांनी तिसऱ्या ओळीकडे बघितलं. "ती जागा तवापासनं हाय."

"म्हणून सगळ्यांनी कोरे दिले."

"म्हनून दिलं. नवं घेतलं, कुनाचा हात न लागलेलं. तुझ्या वड्यातला कचरा आमच्याच घराम्होरं येतोय, पोरी. आमाला काय पलास्टिक गोड लागतंय व्हय?"

मी ब्लेड मागे घेतलं. क्रेटपाशी एक ग्लास पडला होता, त्यांच्याच सहांतला. मी तो उचलला, टाकीचा नळ सोडला, काठोकाठ भरला आणि तिथेच, सगळ्यांना दिसेल असं उभी राहून, घटाघटा प्यायले. पाणी हनुवटीवरून ओघळलं. वाटलं, आता काहीतरी होईल.

काही झालं नाही. अण्णा भात कालवत होते.

"तू काय आज पितीयास व्हय?" काकी म्हणाल्या. चिडून नाही. "आमच्या घरात चौदा वर्सं पितीस. तुझ्या पिन्याचा प्रश्न कुटं हाय?"

"मग काय करू? फोडू, का नको?"

"मला इच्यारतीस?" त्या पहिल्यांदाच माझ्याकडे रोखून बघत होत्या. "इच्यारायचं तवा इच्यारलं न्हाईस. तवा नियम सांगितलास."

बॉक्स फोडला नसता, तर अण्णांनी सोपानला हाक मारलीच असती, किंवा तिसऱ्या ओळीतली माणसं उठून गेली असती. उठली असती तर ते कोरे ग्लास बाजूला काढून, जुन्या पोचे पडलेल्या ग्लासांवर गावजेवण अगदी सुरळीत पार पडलं असतं. एकाही प्लास्टिकच्या ग्लासाशिवाय. माझा प्रयोग शंभर टक्के यशस्वी. हे मला तिथे उभ्या उभ्या स्वच्छ दिसलं.

"ती मानसं घास हातात धरून बसल्यात," काकी म्हणाल्या. "काय करायचं त्ये बिगी बिगी कर."

मी ब्लेड चालवलं. पट्टी फाटल्याचा आवाज मांडवभर गेला.

सोपानने आणि पोरांनी धावतपळत ग्लास वाटले. पांढरे, पातळ, बोटांनी दाबले की चुरगळणारे. प्रत्येकापुढे एक. पाच मिनिटांत बोलणी पुन्हा सुरू झाली. कराडचे पाहुणे लापशी छान झाल्याचं सांगत होते. कुणीतरी विनोद केला, लोक हसले. भिवा खरातांनी आमटी मागून घेतली. हौसाकाकी जाऊन आपल्या जागी बसल्या आणि त्या पांढऱ्या ग्लासातून पाणी प्यायल्या. मी सगळ्यांच्या चेहऱ्यांवर सुटका बघितली, त्यांच्याही. ती सुटका मीच वाटली होती, त्यामुळे मला रडताही येईना.

पंगत उठली. दुसरी बसायच्या आधी स्टीलचे ग्लास गोळा करायचे होते. मी कुणालाही हात लावू दिला नाही. एक क्रेट आणि एक बादली घेऊन मी पहिल्या ओळीपासून निघाले. लांब सरकवलेला प्रत्येक ग्लास उचलायचा, नाव वाचायचं, पाणी बादलीत ओतायचं. पहिल्या ओळीतले सगळे काठोकाठ भरलेले होते. पहिल्या ओळीत सात, चौथीत पाच. अठरा झाले. तिसऱ्या ओळीतले मी मोजले नाहीत.

दुसऱ्या ओळीशी मी मध्येच थांबले होते. तिथे गुडघे टेकून बराच वेळ बसले. मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, पंगत बसायचीय." मग उठले.

संध्याकाळी पाच वाजता वारा सुटला. पांढरे ग्लास पटांगणावरून खुळखुळत ओढ्याकडे निघाले होते. मी आणि सोपान, आम्ही दोघं पोती घेऊन ते पकडत होतो. सोपानने आपणहून पोतं घेतलं होतं. एक हजार नऊशे बारा आमच्या हाती लागले. बाकीचे गेले.

त्यानंतर मी हौसाकाकींचे सहा ग्लास धुऊन, पिशवीत घालून त्यांच्या घरी गेले. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. मी पिशवी उंबऱ्यावर ठेवली.

"मिळालं सगळं?"

"सहाच्या सहा."

"बग. नाव व्हतं म्हनून मिळालं." त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

"काकी, मी सगळ्यांची नावं घासून काढते. अकराशे चाळीस ग्लासांवरची. मे महिना आहे हातात. पॉलिश पेपर लावला की निघतात. फक्त ठिपके ठेवू."

"बाकीच्यांची काढ." त्यांनी एक ग्लास पिशवीतून काढून अंगठ्याने नावावरून पुसलं. "ह्यांचं ऱ्हाऊ दे. इतकं नीट कुनी घातलं न्हवतं."

मी उंबऱ्यावर बसले. जे सांगायला आले होते ते कसं सांगावं, कळत नव्हतं. अखेर वहीत लिहिते तसंच सांगितलं.

"लांब ठेवलेले अठरा ग्लास होते. सतरा काठोकाठ भरलेले होते. एक रिकामा होता."

काकींचे हात सुपात थांबले.

"दुसऱ्या ओळीत, मावळतीकडून सातव्या पत्रावळीशी. तुमच्या सहांतलाच होता. शेजारी प्लास्टिकचा ग्लास होता, पण तो वापरलेला नव्हता. आत एक थेंब नव्हता."

"तुझ्या अण्णांच्या वळीत?"

"त्याच्या मागच्या."

"सांडला आसंल."

"जमीन कोरडी होती, काकी. मी हात लावून बघितलं. पत्रावळीखालचीपण बघितली."

"त्याला वाचाया येत नसंल."

"असेल. किंवा बाकीचे वाचायला लागायच्या आधीच प्यायला असेल. किंवा वाचून प्यायला असेल. तिन्ही होऊ शकतं. कुठलं खरं, ते मला सांगता येणार नाही."

"कोन बसलं हुतं तितं?"

"वाढणाऱ्या पोरांना विचारलं, आजूबाजूच्यांना विचारलं. कुणी सांगत नाही. कुणालाच आठवत नाही म्हणे."

वारा अजून वाहत होता आणि ओढ्याकडून ती खुळखुळ येत होती. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पिशवीतले ग्लास एकेक करून बाहेर काढले आणि विचारलं, "ह्यातला कंचा?"

मी दाखवला. मी त्याच्या बुडाला पेन्सिलने खूण केली होती.

त्यांनी पाच ग्लास आत नेऊन मांडणीवर लावले. सहावा घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या हातात दिला.

"ह्यो घिऊन जा. फुडल्या साली वाढाया ठेव," त्या म्हणाल्या. "त्याला परत तहान लागंल."